शुक्रवारची शांतता

आमच्या घरात कुणी कुणाशी हळू बोलल्याचं मला आठवत नाही. "जेवायला या" हे आई अशा आवाजात म्हणायची की परक्या माणसाला वाटावं, घराला आग लागली. अण्णा, म्हणजे माझे वडील, पोथीसुद्धा चौकात सभा घेतल्यासारखी वाचायचे. आमच्या देवांनाही एव्हाना दचकायची सवय झाली असणार. यात कुणाच्या स्वभावाचा दोष नव्हता. भिवंडीच्या नारपोलीत आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो आणि खालच्या मजल्यावर शौकतभाईंचा लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना होता. खटाक-खट, खटाक-खट, एक शिफ्ट गेली की दुसरी. चहाच्या कपात कायम बारीक बारीक वर्तुळं उठत असायची. भिंतीवरचं कॅलेंडर कधी सरळ राहिलं नाही. लोणच्याची बरणी फळीवरून हळूहळू चालत कडेपर्यंत यायची आणि आई तिला रोज भिंतीशी लोटून ठेवायची, उनाड पोराला कानाला धरून घरात आणावं तशी. खिडकीतून रुईचे तंतू यायचे आणि वालाच्या बिरड्यावर असे अलगद बसायचे की पाहुण्यांना वाटायचं, वरून खोबरं भुरभुरवलंय. आम्हीही त्यांना तसंच वाटू द्यायचो.

ओरडून ओरडून घसा किती शिणवणार? म्हणून आमच्या घरात हातांची भाषा होती. तळहातावर तळहात थापला की भाकरी. कान चिमटीत धरला की शेजाऱ्यांकडे आपला फोन आलाय. कपाळावर आडवं बोट ओढलं की अण्णा चिडलेत, जपून. यातल्या अर्ध्या खुणा आईनं घडवल्या होत्या आणि अर्ध्या खालून वर आल्या होत्या. त्यातली माझी सगळ्यात आवडती खूण शौकतभाईंची. लाईट जाऊन परत आली की ते कारखान्याच्या दारात उभे राहायचे, उजव्या हाताची तर्जनी वर करायचे आणि हवेत गोल गोल फिरवायचे. चालू दे! आणि सगळे लूम एकदम सुटायचे. अण्णांनी ती खूण उचलली होती. मी लहानपणी दिवाणखान्याच्या मधोमध उभी राहून नाटकातल्यासारखी श्लोक म्हणायचे आणि मध्येच अडखळले, की अण्णा वर्तमानपत्राच्या वरून नुसतं बोट गोल फिरवायचे. चालू दे, थांबू नकोस. मी लगेच पुढचा चरण ठोकून द्यायचे, आठवला नाही तर मनाचा.

शुक्रवारी मात्र कारखाना बंद. आठवड्याची सुट्टी. बाहेरच्यांना वाटेल, किती छान, त्या दिवशी निवांत. छे! शुक्रवारी आमच्या घरात सगळे आजारी असल्यासारखे फिरायचे. आई म्हणायची, डोकं दुखतंय, फार शांत आहे. पाल चुकचुकली तरी अण्णा उठून बसायचे. आणि आवाज तर कुणाचेच खाली यायचे नाहीत. शुक्रवारी आमच्या घरातलं भांडण पार नाक्यावरच्या बेकरीपर्यंत ऐकू जायचं आणि शनिवारी नानकटाई आणायला गेलं की बेकरीवाला विचारायचा, "मग? घेतला का शेवटी नवीन कुकर?"

एवढं सगळं सांगायचं कारण हे, की लोक मला विचारतात, तुम्ही प्रोग्रामिंगमध्ये कशा आलात, आणि त्यांना काहीतरी बुद्धिमान उत्तर हवं असतं. माझ्याकडे ते नाही. माझ्याकडे ही खटाक-खट आहे.

मी अण्णांच्या शाळेत टायपिस्ट होते. अण्णा तिथे संस्कृत शिकवून निवृत्त झाले आणि निवृत्त होता होता त्यांनी मुख्याध्यापकांकडे शब्द टाकून मला तिथे चिकटवलं. पक्की नोकरी. पक्की हा शब्द अण्णा असा उच्चारायचे की त्यात वीट आणि सिमेंट दोन्ही ऐकू यायचं. पुढे शाळेला एक कॉम्प्युटर भेट मिळाला. त्याला फुलाफुलांचं आवरण शिवलं गेलं, त्याची खोली कुलपात गेली, आणि खंडेनवमीला शाळेतल्या घंटेबरोबर आणि प्रयोगशाळेतल्या तराजूबरोबर त्याचीही पूजा झाली. शिपायानं झेंडूची फुलं इतक्या भक्तीनं वाहिली की एक पाकळी फ्लॉपीच्या फटीत गेली. ती काढायला मला बोलावलं, कारण माझी बोटं बारीक. चिमट्यानं पाकळी काढली आणि सहज एक कळ दाबली. काळ्या पडद्यावर एक हिरवी रेघ लुकलुकायला लागली. ती माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. टाइपरायटर कधी असं वाट बघत नाही. ही मात्र जणू म्हणत होती, बाई, बोला, काय करू? मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी हुकूम विचारत होतं. संपलं. मी गेले कामातून.

तेव्हा माझी तिशी हाकेच्या अंतरावर होती. भिवंडीत नवा निघालेला कॉम्प्युटर क्लास बारावी झालेल्या पोरापोरींनी भरलेला. पहिल्या दिवशी मी गेले ती कडक इस्त्रीची साडी, चष्मा आणि खांद्याला पर्स. दारात पाऊल टाकलं आणि सगळा वर्ग उभा राहिला. "गुड मॉर्निंग मॅडम!"

आता खरं सांगा, अशा वेळी सभ्य बाई काय करेल? "अरे नाही नाही, मीही विद्यार्थीच," असं म्हणेल. मीही म्हणणारच होते. पण पाय आपोआप टेबलाकडे वळले. मी पर्स ठेवली. "बसा," म्हटलं. बसले. "खिडकीजवळचा तू, च्युइंगम थुंकून ये." गेला! मग दार उघडलं आणि मिसरूडही धड न फुटलेला एक किडकिडीत तरुण घामाघूम होऊन आत आला.

"उशीर का झाला?" मी चष्म्यावरून विचारलं.

"सॉरी मॅडम, वो पंक्चर हो गया था," तो म्हणाला.

"बसा तिथे. उद्यापासून चालणार नाही."

तो पहिल्या बाकावर जाऊन बसला. आता मात्र वर्गात विचित्र कुजबुज सुरू झाली, कारण तो त्यांचा शिक्षक होता. फैजान सर. त्याला बिचाऱ्याला वाटलं होतं, मी हेड ऑफिसातून तपासणीला आले आहे. आणि माझी पंचाईत अशी की पुढे काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं, शिकवणारा माणूस मीच बाकावर बसवला होता. शेवटी मला हसू आवरेना. मी गुपचूप पर्स उचलली आणि त्याच्याशेजारी जाऊन बसले. "सर," मी म्हटलं, "सुरू करा. माझी फी भरलेली आहे."

फैजान सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा वर्गाकडे. मग हात जोडून म्हणाले, "बाजी, आप तो पूरी ड्रामा कंपनी हो." त्या दिवसापासून मी सगळ्या क्लासची बाजी, म्हणजे थोरली बहीण, झाले. टेमघरची रेश्मा होती, माझ्याहून पुष्कळ लहान, ती तेवढी मला मावशी म्हणायची आणि माझा डबा खायची.

उशिरा शिकायला लागण्यातली खरी अडचण लोक समजतात ती नव्हे. डोकं मंद झालेलं नसतं. ते भरलेलं असतं. माझी बोटं तर कळांवर अशी धावायची की पोरं बघायला गोळा व्हायची, आणि मग मशीन माझ्या चुकांची अशी माळ लावायचं की पोरं तोंडावर हात ठेवून आपापल्या जागी जायची. टायपिस्टचा धर्म एकच, समोर असेल ते उतरवायचं. साहेबांनी "दिनांक" चुकीचा लिहिला तर चुकीचा. इथे समोर काहीच नसायचं. मी फैजान सरांकडे बघत बसायचे, आता कुणीतरी मजकूर देईल म्हणून.

"बाजी, कोई लिखके नहीं देगा," ते म्हणायचे. "तुम्हीच विचार करायचा. मशीन काय करेल, ते तुम्ही ठरवायचं."

"मी ठरवायचं?"

"और कौन? मैं तो पंक्चर निकालने जा रहा हूँ."

हे ठरवणं मला जमायला लागलं ते आमच्या घरात, खिडकीखालच्या पाटावर, कागद-पेन्सिल घेऊन. घरी कॉम्प्युटर कुठला असणार? पण खाली लूम सुरू असले की माझ्या भोवती जणू भिंत उभी राहायची. कुणाची हाक आत यायची नाही. ती खटाक-खट पायांतून वर चढायची आणि माझे विचार तिच्या मागोमाग शिस्तीत चालायला लागायचे. आई भाकरीची खूण करून करून दमायची, मी कागदावर मान घालून बसलेली.

क्लास पुरा करायचा म्हणून मी शाळेतून बिनपगारी रजा घेतली. मुख्याध्यापकांनी स्वच्छ सांगितलं होतं, परीक्षेनंतरच्या सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. आणि क्लासवाल्यांनी सांगितलं होतं, ठाण्याला प्रात्यक्षिक परीक्षा होईल, त्यात जो पास होईल त्याला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत शिकाऊ प्रोग्रामर म्हणून घेतील. म्हणजे हिशेब सरळ होता. पास झाले तर ती लुकलुकणारी रेघ. नापास झाले तर सोमवारी टाइपरायटर, आणि मग कायमचा. दुसऱ्यांदा रजा कोण देतो?

अण्णांना हे कळलं त्या दिवशी ते ओरडले नाहीत. म्हणजे नेहमीइतकेच ओरडले, पण ते मोजायचं नसतं. त्यांनी वेगळंच केलं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. त्या दिवसापासून माझ्यासाठी अण्णांचे हात पुढे आलेच नाहीत. पाणी हवं असलं तर आईला खूण. वर्तमानपत्र हवं असलं तर आईला खूण. आमच्या घरातला अबोला हा असा. दुसऱ्यांच्या घरी तोंडं बंद होतात, आमच्याकडे हात. मी मुद्दाम समोर जाऊन उभी राहायचे, आज चहा गोड झालाय का म्हणून भुवई उडवायचे. ते हात मागे घट्ट धरून, रिकाम्या आभाळाकडे पाहिल्यासारखं माझ्यातून आरपार पाहायचे. माझ्या वडिलांच्या अंगात माझ्यापेक्षा मोठं नाटक होतं, हे मला तेव्हा कळलं.

परीक्षा जवळ आली आणि फैजान सरांनी एक बातमी दिली. "बाजी, ठाण्याची लॅब एकदम सायलेंट है. एसी, कार्पेट, चपला बाहेर. टाचणी पडी तो भी सुनाई देगी."

शुक्रवारी माझ्याच्यानं एक ओळ लिहून होत नसे, हे फक्त मला आणि आईला ठाऊक होतं. आणि परीक्षा कुठल्या वारी? शुक्रवारीच.

आईनं उपाय काढला. "सवय करायची. आतापासून शुक्रवारी घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही." ठरलं. पहिल्याच शुक्रवारी मी पाटावर बसले, आई पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेली, अण्णा हात मागे बांधून खुर्चीत. थोड्या वेळानं आई दारातून कुजबुजली. आईला कुजबुजता येत नव्हतं. तिनं आवाज तेवढाच ठेवला आणि फक्त चेहरा हळू केला.

"चहा टाकू का?"

"काय?" अण्णा गरजले.

"हळू! चहा!"

"हळूच बोलतोय मी! तिला सांग, मला नको आणि तिलाही देऊ नको, झोप उडेल!"

"मी झोपलेले नाहीये!" मी ओरडले. खालून शौकतभाईंचा आवाज आला, ते सुट्टीचं कारखान्यात तेलपाणी करत असायचे. "बेबी! खैरियत?" बेबी म्हणजे मी. तिशीची बेबी. "खैरियत है!" आम्ही तिघांनी एकदम उत्तर दिलं. असे आमचे शांततेचे वर्ग चालले. माझी प्रगती शून्य.

परीक्षेच्या शुक्रवारी सकाळी अण्णा कोट घालून तयार. आईकडे बघून म्हणाले, "मला ठाण्याला काम आहे. कवळी ढिली झालीये." आमच्याकडे कवळ्या ढिल्या व्हायच्या, ही खोटी गोष्ट नव्हे, घर जे हलायचं. पण दातांचा डॉक्टर आमच्या गल्लीच्या तोंडावर होता. आईनं दोघांचा एकच डबा बांधला, तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी. मानकोली नाका येईपर्यंत आम्ही शेअर रिक्षात मांडीला मांडी लावून बसलो होतो आणि अण्णांचे हात कोटाच्या खिशात होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची शेतं. आज तिथे जिकडेतिकडे गोदामं आहेत आणि त्यातल्याच एकात बसून मी हे लिहिते आहे, पण त्या सकाळी तिथे बगळे होते आणि मला त्यांचा फार हेवा वाटला. त्यांची परीक्षा नव्हती.

लॅब सरांनी सांगितली होती त्याहून वाईट निघाली. गालिचा इतका मऊ की आपण चालतोय हेही ऐकू येईना. काचेची भिंत, तिच्यापलीकडे सोफा, सोफ्यावर अण्णा. कोपऱ्यात काचेच्या कपाटात कुलूपबंद प्रिंटर, धूळ लागू नये म्हणून, आणि कपाटाची किल्ली परीक्षकांच्या सफारीच्या खिशात. त्यांनी प्रश्न वाटले. कर्मचाऱ्यांची नावं घ्या, पगार काढा, प्रत्येकाची पावती छापा. सोपा! पाटावर बसून मी तो डोळे मिटून केला असता. "आवाज नको," परीक्षक ओठांवर बोट ठेवून म्हणाले आणि चहा प्यायला बाहेर गेले.

आणि शांतता माझ्या कानात शिरली. कापूस कोंबावा तशी. मला माझा श्वास ऐकू येत होता, पोटातली सुकट ऐकू येत होती, फक्त डोक्यातून काही ऐकू येत नव्हतं. शेजारी रेश्मा नख खात बसली होती. तिच्यापलीकडचा खिडकीवाला मुलगा, तोच च्युइंगमवाला, पडद्याकडे बघत पाय हलवत होता. आमची भिवंडीची सगळी पलटण अशीच थिजलेली. ठाण्याची मुलं मात्र टकटक टकटक, सभ्यपणे, लोणी लावल्यासारखी टाइप करत होती. मी कशीबशी नावं भरली. सुचेना, म्हणून घरचीच भरली. पहिलं नाव अण्णा. मग आई, शौकत, फैजान आणि शेवटी बेबी. पावती छापायचा भाग अर्धामुर्धा लिहिला आणि बघू तरी म्हणून चालवला.

कपाटातल्या प्रिंटरनं खर्र करून कागद ओढला. अण्णांची पावती छापली. मग पुन्हा अण्णांची. मग पुन्हा. एका नावावरून पुढच्या नावावर सरकायची ओळ मी लिहायलाच विसरले होते. मशीन बिचारं हुकमाचं ताबेदार, अण्णांपाशीच अडलं. खर्र-खट, खर्र-खट, खर्र-खट. काचेचं कपाट थरथरायला लागलं. टेबल थरथरायला लागलं. शिपाई धावत आला, कपाटाचं दार ओढून पाहतो तर कुलूप. "बंद करा मॅडम, बंद करा!"

बंद कसं करायचं ते मला येत होतं. दोन कळा एकदम दाबायच्या, फैजान सरांनी पहिल्या आठवड्यात शिकवलेलं. माझी बोटं त्या कळांपर्यंत गेलीसुद्धा. आणि तिथेच राहिली. कारण गालिच्यातून, खुर्चीच्या पायांतून, माझ्या अनवाणी तळव्यांतून ती वर चढत होती. खर्र-खट. खर्र-खट. घरची! मी शिपायाकडे पाहिलं, चेहऱ्यावर जगातलं सगळं अज्ञान आणलं आणि म्हटलं, "किल्ली साहेबांकडे आहे ना? मग आपण काय करणार?" आणि कच्चा कागद पुढे ओढून पेन्सिल उचलली.

सगळं दिसत होतं. कुठली ओळ राहिली, पगार कुठे चुकत होता, थांबायचं कुठे. मी लिहीत सुटले. मध्ये मान वर केली तर काय पाहते, ठाण्याची मुलं कान धरून बसलेली आणि आमची सगळी भिवंडी वाकून वाकून टाइप करतेय! रेश्माच्या तोंडातलं नख सुटलं होतं. च्युइंगमवाला तर मान डोलवत होता. "मावशी," रेश्मा पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली, "बंद करू नको हां."

मी काचेकडे पाहिलं. अण्णा उठून काचेशी आले होते. आवाज त्यांनाही पोचला असणार. त्यांनी आधी प्रिंटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, माझ्या पेन्सिलीकडे. बराच वेळ पाहिलं. मग उजवा हात कोटाच्या खिशातून बाहेर आला. तर्जनी वर झाली. आणि गोल फिरायला लागली.

चालू दे.

नेमके त्याच क्षणी परीक्षक परतले.

"हे काय चाललंय?" त्यांनी आधी कपाट उघडून प्रिंटरचा गळा दाबला, मग काचेकडे वळले. अण्णांचं बोट अजून फिरत होतं. "हे गृहस्थ कोण?"

"माझे वडील."

"वडील! आणि खुणा करताहेत! एक बोट म्हणजे एक. गोल म्हणजे शून्य. एक आणि शून्य! अहो, सरळ कॉम्प्युटरच्या भाषेत उत्तर सांगताहेत हे!"

अण्णांना आत बोलावण्यात आलं. हे परीक्षक मला आत्ता उठवणार, आणि सोमवारी मी टाइपरायटरपुढे.

"मी आयुष्यभर संस्कृत शिकवलं," अण्णा म्हणाले, नारपोलीच्या आवाजात. काच झणझणली. "मला कॉम्प्युटरची भाषा कुठून यायची?"

"अहो, हळू बोला!"

"हळूच बोलतोय!"

"मग बोट का फिरवत होता?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग गालिच्याकडे. "आमच्या खाली कारखाना आहे," ते म्हणाले. "तिथे असं करतात. सवय लागलीये."

परीक्षकांना ते पटलं की नाही, मला सांगता यायचं नाही. त्यांनी माझा कच्चा कागद उचलला, वाचला, पालथा करून परत वाचला. "हे टाइप करा," म्हणाले. "माझ्यासमोर. आता कुणीही कसलीही बोटं फिरवायची नाहीत." मी टाइप केलं. तेवढं तर मला येतच होतं, समोर असेल ते उतरवायचं. फरक इतकाच की या वेळी मजकूर माझा होता. कळ दाबली. प्रिंटरनं अण्णांची पावती छापली. आईची छापली. शौकतभाईंची, फैजान सरांची. बेबीची छापली. आणि थांबला.

परीक्षकांनी त्या पाच पावत्या नाकाशी धरून तपासल्या. "बरोबर आहे," ते अत्यंत नाखुशीनं म्हणाले. "पास. आणि जाताना तो ढीग घेऊन जा."

म्हणून आम्ही रिक्षातून घरी आलो ते मांडीवर घडीच्या कागदाची ही एवढी चळत घेऊन, पानापानावर अण्णांचं नाव. आईनं ती पाहिली आणि हात जोडले. "अगं, लोक रामनाम लिहितात. तू यांचं लिहून आणलंस?" पुढे कितीतरी वर्षं आमच्या फडताळात, डब्यांखाली, लोणच्याच्या बरणीखाली तेच कागद होते. त्या संध्याकाळी आईनं बिरडं केलं होतं. त्याच्यावर रुईचा एक तंतू नव्हता, बाहेर सगळी नारपोली गप्प होती, आणि आम्ही तिघं ताटावर बसलो होतो. अण्णा काहीतरी बोलतील म्हणून मी घास तोंडातच धरून ठेवला. एवढी शांतता. नुसतं पुटपुटले असते तरी ऐकू आलं असतं. त्यांनी तळहातावर तळहात थापला. भाकरी हवी, अशी खूण. आईला नाही, मला. मी वाढली. ते जेवले आणि झोपायला गेले.

शनिवारी सकाळी खाली शौकतभाईंचं बोट फिरलं असणार, कारण सगळे लूम एकदम सुटले आणि चहात वर्तुळं उठली. अण्णा कोट-टोपी घालून दाराशी उभे होते. शाळेत निघाले होते, मुख्याध्यापकांना सांगायला, की सोमवारी ती येणार नाही. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी मोरीत तोंड धूत होते. वळून पाहिलं तर अण्णा माझ्याकडे बघून काहीतरी बोलत होते. चांगली दोन-तीन वाक्यं. ओठ हलत होते, हात मात्र स्वस्थ. एक अक्षर माझ्यापर्यंत पोचलं नाही. मी कानामागे हात धरून विचारलं, काय? त्यांनी मान हलवली, काही नाही, आणि जिना उतरून गेले.

आई त्यांच्या शेजारीच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मी तशीच ओल्या तोंडानं धावत गेले. "आई! काय म्हणाले गं?"

अण्णा आता नाहीत. शौकतभाईंचे लूम भंगारात गेले, आणि मला नवीन काही शिकायचं असलं, जे या वयातही दर वर्षी शिकावं लागतं, तर फोनवर त्या खटाक-खटीचं रेकॉर्डिंग लावून बसावं लागतं. आईला मी आजही विचारते. ऐंशी ओलांडली तरी तिला शब्द न् शब्द आठवतो, मला माहीत आहे. आणि ती आजही तेच सांगते, जे त्या सकाळी फळीच्या कडेला आलेली बरणी भिंतीशी लोटता लोटता तिनं ओरडून सांगितलं होतं:

"तुला ऐकवायचं असतं, तर काल शुक्रवारीच नसते का बोलले?"